पात्याच्या बुडाशी

मंडळी, आधी हा चाकू बघून घ्या. मिटलेला असताना माझ्या मधल्या बोटाएवढा भरतो. मूठ म्हशीच्या शिंगाची, दोन टोकांना एकेक पातं. मोठं पातं इतकं झिजलंय की उघडल्यावर ते सुयासारखं निमुळतं दिसतं. हा माझ्या आजोबांचा. ते वकिलाकडे कारकून होते. पेन्सिलीला टोक करायचं, पाकीट फोडायचं, दुपारी पेरूच्या फोडी करायच्या, सगळं ह्याच चाकूने. ते गेल्यावर आईने तो मला दिला.

तेव्हा मी विशीत होतो. पातं काळपट दिसत होतं, म्हणून चाकू धारवाल्याकडे नेला. त्याने बफच्या चाकावर धरून असा लखलखीत करून दिला की मी खूश होऊन घरी आलो. पुढे बऱ्याच वर्षांनी भिंग घेऊन पात्याच्या बुडाशी बघितलं, जिथे पातं मुठीत शिरतं तिथे. कारागिराचा शिक्का तिथेच मारलेला असतो. माझ्याकडे आता चांदणीची दोन टोकं आणि ‘फील्ड’ एवढी अक्षरं उरलीत. चाकू कुणी केला, केव्हा केला हे सांगणारी ओळ मी पैसे मोजून पुसून घेतली होती. जुन्या चाकूंचं हे वेड मला त्या पुसलेल्या ओळीपायी लागलं.

‘फील्ड’ म्हणजे शेफील्ड. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं हे गाव शेकडो वर्षं सुऱ्या-कात्र्यांवर जगलं. तिथल्या कारागिरांची कंपनी, म्हणजे त्यांचा संघ, 1624 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली आणि कुणाचा शिक्का कोणता हे ती नोंदवून ठेवू लागली. चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टीज क्रॉस (चार बाणांची टोकं मधे जुळल्यासारखा क्रूस) हा शिक्का 1682 मध्ये नोंदला गेला. तो पुढे जोसेफ रॉजर्स यांच्या घराण्याकडे आला. ह्या पेढीचा माल हिंदुस्तानातही भरपूर यायचा. मग माझा चाकू रॉजर्सचा का? मन हो म्हणतं. पण त्यांच्या शिक्क्याशी मिळतेजुळते शिक्के मारून इतका माल विकला गेलाय की दोन टोकांवरून शपथ घेता येत नाही. हे मला अजूनही लागतं.

आता हा दुसरा चाकू. पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात सापडला. ह्याचा शिक्का शाबूत आहे. मधे मुकुट, एका बाजूला व्ही, दुसऱ्या बाजूला आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणी. खाली ‘कटलर्स टू हर मॅजेस्टी’, म्हणजे राणीसाहेबांचे चाकू-कारागीर. म्हणजे 1837 ते 1901 मधला. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्यात परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून ‘इंग्लंड’ हा शब्द पात्यांवर सर्रास दिसू लागतो. ह्या चाकूवर तो नाही. पण तेवढ्यावरून त्याला 1890 च्या आधीचा ठरवू नका, कारण इतर देशांत जाणाऱ्या मालाला तो नियम लागू नव्हता. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर मात्र प्रश्नच मिटला. ते पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्येच 1913 साली तयार केलं. त्याआधीची पाती साध्या पोलादाची. लिंबू कापलं की डागाळणारी.

ह्यातलं छोटं पातं बघा. ह्याला पेनाचं पातं म्हणतात. पक्ष्याच्या पिसाची लेखणी तासायला ते असायचं, पेननाइफ हे नाव त्यावरूनच आलं. आपल्याकडे बोरू तासायचे, तसंच काम.

चाकू उघडतो. ऐकलंत? टक्. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी आहे, तीच स्प्रिंग. पात्याचं बूड तिच्यावर दाबून फिरतं, पूर्ण उघडलं की पट्टी परत खाली बसते. आता पाठीवरून नख फिरवा. उघडल्यावरही आणि मिटल्यावरही पट्टी मुठीशी सपाट लागते, कुठे नख अडत नाही. हे कानशीने, नजरेने जुळवलेलं आहे. पोलाद ठोकणारा वेगळा, दगडावर घासणारा वेगळा, आणि जोडणारा वेगळा. पुष्कळ जण भाड्याच्या खोलीत स्वतःचं बाक मांडून काम करायचे. त्यांना तिथल्या बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांतले नावाजलेले स्टॅन शॉ 2021 मध्ये वारले. घासणाऱ्यांची कथा फार दुःखाची आहे. दगडाची धूळ छातीत बसायची आणि माणसं तरुणपणीच फुफ्फुसाच्या रोगाने जायची. हे चकाकणारं पातं हातात घेतलं की मला ती माणसं आठवतात.

मुठींबद्दल एवढंच सांगतो. सांबराच्या शिंगाच्या ज्या खडबडीत मुठींना संग्राहक भुलतात, ती शिंगं हिंदुस्तानातल्या रानांतूनच बोटीने शेफील्डला जायची. आज वन्यजीव कायद्यामुळे सांबरशिंग आणि हस्तिदंत, दोन्हींची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे. कितीही देखणा चाकू समोर आला तरी मी असल्या मुठीला हात लावत नाही. म्हशीचं शिंग, हाड, लाकूड ह्यांत पुष्कळ मिळतं.

बाजारात न झिजलेल्या पात्याला चढा भाव मिळतो. मला झिजलेलं पातं आवडतं. आजोबांच्या चाकूची धार कोणत्या बाजूला जास्त खाल्ली गेलीय, त्यावरून ते दगडावर चाकू कसा धरत हे दिसतं. तेव्हा एक कळकळीची विनंती आहे: जुना चाकू मिळाला की बफवर नेऊ नका, सॅंडपेपर लावू नका. निळसर-करडा थर असेल तर तो राहू द्या, तोच पोलादाला जपतो. तांबूस, भुरभुरणारा गंज तेवढा तेल लावून, मऊ कापडाने, दिवसचे दिवस घेऊन काढा. सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब पुरतो. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या घरात ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची, रंगीत मूठ असेल तर तो चाकू वेगळ्या डबीत हवा. ते जुनं झालं की त्यातून आम्ल वाफ सुटते आणि शेजारचे चांगले चाकू गंजवते. माझे दोन असेच गेले.

आता पुढे या, टेबलावरचे सगळे हाताळून बघा. खाचेत नख घालून उघडा. मिटताना मात्र पातं सोडून देऊ नका, धार आतल्या पट्टीवर आपटून दातरते. शेवटपर्यंत बोटांनी धरून बसवा. भिंग इथे ठेवलंय. आजोबांच्या चाकूवर ती चांदणीच आहे की आणखी काही, हे तुमच्यापैकी कुणाला ओळखता आलं तर मला जरूर सांगा.