मे महिन्यात वाहणारी नदी

[पहाट. पुलावरून दिसणारं नदीपात्र. खाली पाण्याचा आवाज.]

मे महिना. ऊन तापायला अजून तासभर आहे. पुलाखालून खाम वाहतेय, आणि चांगली खळाळून वाहतेय.

मराठवाड्यातल्या माणसाला हे बघून बरं वाटायला हवं. पण जरा थांबा. पावसाळा संपून सात महिने झाले. वर जटवाड्याच्या डोंगरात झरे कधीच आटलेत. मग हे पाणी आलं कुठून?

तुमच्या-आमच्या मोरीतून.

काळ्या पाषाणाच्या या मुलखात लहान नद्या पावसाळ्यात वाहतात, हिवाळ्यात डबकी धरतात आणि उन्हाळ्यात निजतात. १६१० साली मलिक अंबरने खामकाठी खडकी वसवली, तेव्हा त्यानेही गावाची तहान या नदीच्या भरवशावर सोडली नाही. डोंगरपायथ्याचं जमिनीतलं पाणी त्याने नहरीने गावात आणलं. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. खामचंही मधल्या काळात नवं बारसं झालं: नाला. पटत नसेल तर एखाद्या रिक्षावाल्याला ‘खाम नदीवर सोडा’ म्हणून बघा.

[काठावर उतरणारी माणसं. झोळीत बाटल्या, दोरी बांधलेली बादली, रबरी हातमोजे, लांबडी वही.]

रविवार आहे. कॉलेजातली काही पोरं-पोरी, एक रिक्षाचालक आणि शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर. यांना पगार नाही. चहाही आपापल्या खिशातून.

आज दोन जागचं पाणी घ्यायचंय. एक हर्सूल तलावाच्या अंगाला, दुसरं शहर ओलांडल्यावर.

[जवळून: काचेची बाटली, हातमोजे घातलेली बोटं.]

बाटली पाण्याखाली तिरपी धरून काठोकाठ भरायची. आत बुडबुडा राहिला की त्यातली हवा पाण्यात मुरते आणि सगळं मोजमाप खोटं ठरतं. मग पिपेटने मँगनीज सल्फेट, त्यावर अल्कली आयोडाइड. बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची आणि वाट बघायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखा. नसेल तर साका पांढराच राहतो, भिजवलेल्या चुन्यासारखा.

तलावाकडची बाटली तपकिरी.

शहराखालची पांढरी.

मुलगी बाटली उजेडात धरते. ‘सर, माझं काही चुकलं का?’

‘हवं तर पुन्हा कर.’

ती दुसरी बाटली भरते. पुन्हा पांढरी.

नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत निघेल. पण अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. पांढरा साका म्हणजे जवळपास शून्य.

काठावर जमलेल्या पोरांतला एकजण ओरडतो, ‘काका, मासे हायेत की!’

आहेत. गप्पी. पाण्यात दम नसला की ते वर येतात, तोंड पृष्ठभागाला लावून अगदी वरच्या थरातल्या ऑक्सिजनवर जगतात. त्यामुळे मासा दिसला म्हणजे पाणी चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. सर त्या पोराला एक दगड उलटायला लावतात, काठीने. खालच्या गाळात तांबडे, दोऱ्यासारखे रक्तकिडे वळवळतायत. घाणीत तेच टिकतात.

[नकाशा. नदीची निळी रेघ, तिला येऊन मिळणाऱ्या काळ्या रेघा.]

आणि हे पाणी इथेच राहत नाही. वाळूजच्या बाजूने ते नाथसागराकडे जातं. जायकवाडीचा नाथसागर. शहराचे नळ ज्यावर चालतात तोच.

२०२१ च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी मिळून खामच्या पात्राला हात घातला. गाळ निघाला, राडारोडा हलला, काठावर झाडं लागली. दिसायला फरक पडला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हातमोजे घालून फोटो काढणं सोपं. प्लास्टिक आज उपसलं की पहिल्या पावसात तेवढंच पुन्हा येतं, आणि सांडपाणी तर उपसताही येत नाही. ते पाइपात घालून शुद्धीकरण प्रकल्पापर्यंतच न्यावं लागतं. तो पाइप टाकणं स्वयंसेवकांच्या हातात नाही. कुठे टाकायचा ते दाखवणं आहे.

म्हणून ही वही. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला यांनी नंबर दिलाय, भिंतीवर रंगाने लिहिलाय. नाल्याच्या वरची बाटली, नाल्याच्या खालची बाटली. तारीख, वास, रंग, प्रवाह. अर्ज देताना याच पानांच्या झेरॉक्स जोडल्या जातात. कागद हलायला वेळ लागतो. मधल्या काळात दोन-तीन जण कंटाळून यायचे थांबले. वही थांबली नाही.

[भिंतीवर रंगवलेला नंबर. खाली सिमेंटचं रिकामं तोंड.]

हा त्यातलाच एक नाला. गेल्या मेमध्ये याच्या रकान्यात ‘वाहतो’ लिहिलेलं होतं, लाल शाईने. हिवाळ्यात तो मलवाहिनीला जोडला गेला.

रिक्षावाले काका वाकून आत बघतात. तळाला भेगाळलेला चिखल, त्यात अडकलेली एक चप्पल. पाण्याचा टिपूस नाही.

‘लिही,’ ते म्हणतात.

मुलगी निळं पेन काढते. कोरडा.

काका रिक्षातून पेढ्यांचा बॉक्स आणतात. पुलावरून जाणारा एकजण गाडी हळू करून विचारतो, ‘काय झालं हो, पेढे कशाचे?’

‘नाला आटला,’ काका सांगतात, आणि बॉक्स त्याच्यापुढे धरतात.