खिशाच्या आतली सही

(पडद्यावर फक्त ब्रश आणि निळं कापड. पहिले काही सेकंद निवेदन नाही.)

कोरडा ब्रश डेनिमवरून ओढला की असा खर्रर्र आवाज येतो. कापडाची वीण तिरपी. हात सरळ गेला तरी ब्रशचे केस त्या तिरप्या रेघांकडे झुकतात. कॅनव्हासवर हात बसलेल्याला सुरुवातीला याचा फार राग येतो, असं जीन्सवर चित्रं काढणारी ही मुलगी सांगते.

आपण बडोद्यात आहोत, दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. खोली आजीची. पलंग आजीचा, देव्हारा आजीचा आणि खिडकीपाशी जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा नातीची. नात फाइन आर्ट्सची, ग्राफिक्स, म्हणजे छापचित्रं, शिकलेली. गिऱ्हाइकं तिला बेन म्हणतात, आजी बाळी म्हणते.

टेबलावरची जीन्स गिऱ्हाइकाची. परदेशी ब्रँड, भलती महाग. देऊन जाताना जिन्यात थांबून त्याने परत विचारलं, "बगडशे तो नहीं ने, बेन?" ती नाही म्हणाली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बिघडू शकते हं."

(जवळून: फाटलेल्या कडेचा सुटा धागा.)

हा धागा नीट बघा. वरून निळा, आतून पांढराफटक. डेनिमच्या उभ्या धाग्यावर नीळ नुसती वरवर बसते, गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून गुडघ्यावर, खिशाच्या तोंडावर, जिथे घासलं जातं तिथे आतला पांढरा वर येतो. आडवे धागे तर रंगवलेलेच नसतात. नीळ आपल्याला काही परकी नाही. सतराव्या शतकात अहमदाबादेजवळच्या सरखेजची नीळ जहाजांतून युरोपला जायची. जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ १८९७ मध्ये बाजारात आली आणि शेतातल्या निळीचे दिवस भरले. आणि आपले गॅरेजवाले जी डंगरी घालतात, तो शब्द इंग्रजीत गेला तोच मुळी मुंबईच्या डोंगरीवरून, असं कोशकार सांगतात. असो, खिडकीपाशी परत येऊ.

या जीन्सवर रथाचे घोडे येणार आहेत. घोड्याची आयाळ ती रंगाने काढत नाही. पातळ केलेल्या ब्लीचमध्ये काडी बुडवून रेघ ओढते. थांबा... अजून काही दिसत नाही. आता फिकट. आता पिवळट. आता पांढरी. ब्लीच नीळ खातं, पाठोपाठ सूतही खाऊ लागतं, म्हणून मधल्या नेमक्या क्षणी कापड ब्लीच थांबवणाऱ्या हायपोच्या पाण्यात जायला हवं. फोटोच्या डार्करूममध्ये वापरायचे तोच हायपो. कॉलेजात छापचित्रासाठी जस्ताचा पत्रा ॲसिडमध्ये घालून किती वेळात बाहेर काढायचा हे ज्याच्या बोटांना कळलं, त्याला हे जमतं. ताणल्या जाणाऱ्या जीन्सवर मात्र हा प्रकार चालत नाही. त्यातलं स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणणारा धागा, ब्लीचमधल्या क्लोरीनने मरतं आणि कापड ढिलं पडतं. म्हणून जीन्स हातात आली की ती आधी कापडात काय आहे ते लिहिलेली आतली पट्टी वाचते, डिझाइनचं बोलणं मग.

घोडे तांबेकर वाड्यावरून सुचलेले. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा तो वाडा, भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारतातले प्रसंग. वाड्यात आम्ही कॅमेरा नेला नाही. तिच्या वहीचं हे पान आहे, घरी येऊन आठवणीतून काढलेलं. रथाचं एक चाक तिने मुद्दाम मागच्या खिशाच्या तांब्याच्या रिव्हेटवर, त्या बारक्या गोल खिळ्यावर, आणून बसवलंय. अमेरिकेतल्या रेनोचा शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते हे रिव्हेट. खिसे उसवू नयेत एवढ्यासाठी. इथे ते रथाचा आस झालंय.

बाकीचं काम ॲक्रिलिक रंगांचं, कापडासाठीचं मीडियम मिसळून. गुडघ्याच्या मागे रंग अगदी पातळ, कारण जाड थर बसता-उठता भेगाळतो. रात्रभर वाळवून उलट्या बाजूने इस्त्री.

(पॅन: टेबलावरून वर, देव्हाऱ्याच्या भिंतीकडे.)

आणि आता ही लक्ष्मी. खरं तर शूटिंगच्या यादीत ती नव्हती. कॅमेरा वर गेला म्हणून सापडली.

सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पुराणातले प्रसंग रंगवून घेतले. ती चित्रं राजवाड्यात. पुढे रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरी आले, सगळीकडे एकसारखे. या भिंतीवरचं चित्र तसंच छापील. पण जवळ जा. साडीचा काठ छापलेला नाही, खऱ्या जरीचा आहे, वरून शिवलेला. दागिन्यांवर टिकल्या. गळ्यापाशी एक टिकली गळालीय, नुसता दोरा उरलाय. हे आजीच्या सासूबाईंचं काम. त्या काळी कित्येक घरांत बायका छापील देवांना असं सजवत.

आजी म्हणाली, "छापलेली लक्ष्मी सगळ्यांकडे तीच ना? सासूबाई म्हणायच्या, लुगडं आपण नेसवायचं, म्हणजे ती आपल्या घरची."

हे ऐकल्यावर खाली टेबलावरची जीन्स आम्हाला निराळी दिसायला लागली, आणि या फिल्मचा क्रमही तिथेच बदलला. कस्टमायझेशन हा शब्द आम्ही संहितेतून काढून टाकला.

(आजीचे हात, अंगुस्तान, आभले.)

नवरात्र जवळ आलं की गरब्यासाठी जीन्सवर आभले लावून मागतात. ते आजी लावते. आरशाभोवती काज टाका, घट्ट. शिवणीच्या जाड घड्यांवर जाड सुईसुद्धा मोडते, तिथे आजी दातांनी सुई ओढते आणि नात ओरडते. हा भाग आम्ही कापला नाही.

ब्लीचचं पाणी मोरीतून जातं आणि खोलीत वास कोंडतो. मोठ्या कारखान्यांत जीन्स जुनी दिसावी म्हणून ती वाळूच्या फवाऱ्याने घासणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला, तुर्कस्तानाने २००९ मध्ये ती पद्धत बंद केली. ब्रँडचा माल स्वतः रंगवून विकायचा तर ट्रेडमार्कची भानगड, म्हणून ही गिऱ्हाइकाचीच जीन्स घेते.

(कमरेवरचं चामड्याचं लेबल. मग खिसा उलटा होतो.)

ब्रँडचं नाव इथे, कमरेवर, चारचौघांना दिसेल असं. तिची सही? खिसा बाहेर ओढावा लागतो. आतल्या पांढऱ्या कापडावर, नखाएवढी. तीन दिवसांच्या कामाची सही. बाहेर का नाही, विचारलं तर हसली. "गिऱ्हाइकाला चालत नाही."

आम्हाला हे पटलेलं नाही, म्हणून हा शॉट इतका लांब ठेवलाय.

(जिना. गिऱ्हाईक.)

तो आला. जीन्स उजेडात धरली, चाक बघितलं, रिव्हेटवरून अंगठा फिरवला. मग पैसे मोजताना खिसा उलटा करून त्याने सही वाचली, आणि खिसा आत ढकलायचं विसरून तसाच खाली उतरला.

टेबलावर दुसरी जीन्स. कोरी, कांजीचा कडकपणा अजून गेलेला नाही. ती आतली पट्टी वाचते. स्पॅन्डेक्स, दोन टक्के.

"आजी, याला ब्लीच नाही चालायचं. आभले काढ."