बटण फोनचं की अ‍ॅपचं?

(दृश्य: शेजारी ठेवलेले दोन फोन, एक आयफोन, एक अँड्रॉइड. दोन्हींवर एकच अ‍ॅप.)

पडद्यावरचं हे चालू-बंदचं बटण नीट बघा. काम दोन्हीकडे सारखंच. पण ते बटण आणायचं कुठून, यावर अ‍ॅप बनवणाऱ्यांचं आजही एकमत नाही.

2008 च्या जुलैत आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं, ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मार्केट. अ‍ॅप लिहायची भाषा एकीकडे ऑब्जेक्टिव्ह-सी, दुसरीकडे जावा. एकच अ‍ॅप दोनदा लिहायचं, चूक सापडली की दोनदा दुरुस्त करायची. छोट्या टीमला हे परवडेना. मग फोनगॅपसारख्या साधनांनी वेबपानालाच अ‍ॅपचं रूप दिलं. फेसबुकनंही एचटीएमएल-5 वर, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेवर, भिस्त ठेवली. ती कंपनीची सर्वांत मोठी चूक होती, असं 2012 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनीच जाहीरपणे सांगितलं.

त्याच फेसबुकनं 2015 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे दोन्ही फोनसाठी अ‍ॅप बनवायचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. कोड जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा, पण बटण ज्या-त्या फोनचं वापरायचं. गूगलच्या फ्लटर या तशाच साधनाची 1.0 आवृत्ती आली डिसेंबर 2018 मध्ये. त्यानं उलटी वाट धरली: फोनकडे बटण मागायचंच नाही. त्याची गोलाई, सावली, सरकण्याचा वेग, सगळं स्वतः रंगवायचं, सेकंदाला 60 वेळा किंवा त्याहून जास्त. दोन्ही फोनवर रूप हुबेहूब एक.

(दृश्य: बटणावर फिरणारं बोट. फोनचा बोलण्याचा आवाज.)

आता दृष्टिहीन माणूस हेच अ‍ॅप कसं वापरतो ते पाहा. बोटाखाली काय आहे, ते आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक वाचून दाखवतं. फोनचं स्वतःचं बटण ‘मी बटण आहे, सध्या चालू आहे’ एवढं आपणहून सांगतं. फ्लटरनं रंगवलेलं बटण मात्र फोनच्या लेखी नुसतं चित्र. म्हणून फ्लटर पडद्यामागे प्रत्येक गोष्टीच्या अर्थाची वेगळी नोंद ठेवतं आणि ती फोनला पुरवतं. फ्लटरचं तयार विजेट, म्हणजे बटणासारखा तयार भाग, घेतला तर बरंचसं काम आपोआप होतं. पण हौसेनं वेगळं, देखणं बटण रंगवलं आणि त्याची नोंद लिहायची राहिली, तर ते कशाचं बटण आहे हे त्या माणसाला कळायला मार्गच नाही. माझ्या मते कोणतं साधन वेगवान, या वादापेक्षा ही बाब कितीतरी मोठी आहे. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येही बटणाला नाव द्यावंच लागतं. तिथे फक्त सुरुवात सोपी होते.

कोड एक असला, तरी ही चाचणी दोन्ही फोनवर, आवाज चालू ठेवून, वेगवेगळी करावी लागते. व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक एकच नोंद आपापल्या पद्धतीनं वाचतात.