वाफेचं मशीन घेण्याआधी पाणी आणि लाईन बघा

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सोयाबीन काढायला थ्रेशर वावरात उतरलं, धुळीने नाक-छाती धरली की मेडिकलच्या काउंटरवर दोन वस्तू पुढे येऊन बसतात. एक प्लास्टिकचा वाफारा, दुसरा नेब्युलायझर. दोन्हीतून पांढरं काहीतरी निघताना दिसतं, म्हणून पुष्कळ घरांत एकाऐवजी दुसरं घेतलं जातं. वाफारा म्हणजे उकळत्या पाण्याची वाफ. ती नाकात आणि घशात थंड होऊन तिथंच जिरते. चोंदलेलं नाक घटकाभर मोकळं होतं, तेवढंच तिचं काम. नेब्युलायझरमधून निघतं ते गरम नसतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पातळ औषधाचे ते थेंब असतात, साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेवढे बारीक असले तरच ते छातीतल्या लहान नळ्यांपर्यंत पोचतात, मोठे थेंब घशातच आदळतात. तेव्हा नाक बंद आहे की छातीतून शिट्टी वाजते आहे, हे डॉक्टरांकडून ठरल्याशिवाय पैसे काढू नका. दम्याचा झटका आलेल्या माणसाला वाफारा देत बसलं तर दवाखान्यात न्यायचा वेळ हातचा जातो.

मोबाईलवर हल्ली तिसरं मशीन दिसतं. खिशात मावणारं, बॅटरीवर चालणारं, सुकी पानं न जाळता 160 ते 220 अंशांपर्यंत तापवून त्यातून निघणारा अर्क ओढायचा. तुळस, पुदिना यांची नावं लिहून ते विकतात. 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या नीट वाचा. पदार्थ तापवून ओढण्यासाठी फवारा तयार करणारं विजेवरचं उपकरण, निकोटीन असो वा नसो, असं त्यात लिहिलं आहे आणि न जाळता तापवायची साधनंही त्यात धरली आहेत. औषध कायद्याखाली परवाना असलेल्या वस्तू तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. विक्री, आयात, वाहतूक, जाहिरात, साठा यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे त्यांची आपसात तुलना करण्यात अर्थ नाही, ते घ्यायचंच नाही. त्याची गरजही नाही. निलगिरीच्या पानातला मुख्य सुगंधी अंश एकटा 176 अंशांच्या आसपास उकळतो, पण पाण्याच्या वाफेसोबत तो 100 अंशांच्या आतच बाहेर पडतो. निलगिरी, निर्गुडी, ओवा यांचा वास हवा असेल तर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळा, गॅस बंद करा, गंज खाली सपाट जागी ठेवा आणि मग मूठभर पानं टाका. लेकरांना मात्र त्या गंजाजवळ येऊ देऊ नका, वाफाऱ्याच्या नादात भाजणं हा खरा धोका आहे. दोन वर्षांखालच्या बाळाजवळ कापूर आणि मेंथॉलचा बाम वाफेत नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

आता वाफारा. दुकानातले तीन-चारशे रुपयांचे वाफारे वरून सारखे दिसतात, पण आत दोन वेगळ्या जाती आहेत. झाकण उघडून आत बघा. पाण्यात बुडणाऱ्या दोन उघड्या पट्ट्या किंवा कांड्या दिसल्या, तर तो इलेक्ट्रोडचा. त्यात तापणारी तार नसते. वीज एका पट्टीतून दुसरीकडे पाण्यातूनच जाते आणि पाणी स्वतः तापतं. तळाशी सलग धातूची थाळी असेल आणि पट्ट्या नसतील, तर तो हीटरचा.

खारपाणपट्ट्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यातलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. क्षार जितके जास्त तितकी पाण्यातून वीज जास्त धावते. इलेक्ट्रोडच्या वाफाऱ्यात हे पाणी भरलं की ते उसळून उकळतं, तोटीतून वाफेबरोबर उकळते थेंब तोंडावर उडतात, कधी एमसीबी पडते. उलट, आरओच्या कॅनचं पाणी भरलं तर त्यात क्षारच नाहीत, दहा मिनिटं झाली तरी वाफ नाही. मग माणूस म्हणतो मशीन खराब निघालं आणि परत करायला जातो. मशीन ठीक असतं. आरओच्या पाण्यात थोडं बोअरचं पाणी मिसळा, किंवा चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच मीठ टाका आणि दोन मिनिटं वाट बघा. पोहे-भाजीला टाकतो तसं मीठ टाकलं की पुन्हा तेच उसळणं.

याच जातीत शॉकचा धोकाही आहे, कारण लाईन थेट पाण्यात उतरलेली असते. चालू असताना झाकण उघडायचं नाही, पाणी वाढवायचं नाही, किती तापलं हे बोट बुडवून बघायचं नाही. आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण गावातल्या कित्येक बोर्डांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि बटण बंद असलं तरी पाण्यात करंट राहतो. घरात अर्थिंग नसेल आणि करंट गळताच लाईन तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल, तर आमचं स्पष्ट मत आहे, शे-दोनशे जास्त द्या आणि हीटरचाच घ्या. त्यात पाणी संपल्यावर आपोआप बंद होणारा कटऑफ आहे का, हे विचारा. हीटरच्या थाळीवर आपल्या पाण्याने पांढरा थर बसतो. आठवड्यातून एकदा लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, तार किंवा चाकूने खरवडू नका. बाम किंवा तेल टाकीत टाकायचं नाही, प्लास्टिक तडकतं.

डब्यावरचे वॅट वाचा. 300 वॅटच्या हीटरला 200 मिलिलिटर पाणी उकळायला साधारण साडेतीन-चार मिनिटं लागतात आणि त्यानंतर मिनिटाला सात-आठ मिलिलिटर पाण्याची वाफ निघते. नाकाला तेवढी पुरते. पण हा हिशेब 230 व्होल्टचा. संध्याकाळी डीपीवर लोड आला आणि घरात 170 व्होल्टच आले, की हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे जवळपास 55 टक्के उरते. मशीन तेच, वेळ मात्र पावणेदोन-दोनपट. म्हणून कमी व्होल्टेजच्या गावात 500 वॅटचा बघावा.

नेब्युलायझरमध्ये घरी वापरायच्या मुख्य दोन जाती. कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवेच्या दाबाने औषध फोडणारा, आणि मेशचा, म्हणजे सूक्ष्म छिद्रांची जाळी थरथरवून थेंब काढणारा. मेशचा हातात मावतो, आवाज करत नाही, सेलवर किंवा चार्जिंगवर चालतो, लाईन गेली तरी अडत नाही, कपात औषध फार उरत नाही. हे वाचून तोच घ्यावासा वाटतो. पण आपल्या पाण्यात जाळी चोंदते. ती दर वेळी औषधानंतर मेडिकलमधल्या निर्जंतुक पाण्याने मिनिटभर चालवून धुवावी लागते. नळाचं पाणी नाही, पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणीही नाही. बोट किंवा कापूस लावला की जाळी गेली. काही औषधं पातळ द्रावण नसून त्यांत बारीक कण तरंगतात, बुडेसोनाइड त्यातलंच. ते ज्या मशीनला चालतं असं माहितीपत्रकात लिहिलं आहे, तेच घ्या. एवढी निगा रोज होणार नसेल तर कॉम्प्रेसरचाच बरा. जड असतो, आवाज करतो, पण टिकतो.

कॉम्प्रेसरच्या डब्यावर तीन आकडे शोधा. थेंबांचा आकार 5 मायक्रॉनच्या आत, फवाऱ्याचा वेग मिनिटाला 0.2 मिलिलिटरपेक्षा कमी नको, आणि किती मिनिटं सलग चालवून किती वेळ बंद ठेवायचा. शेवटचा आकडा कोणी वाचत नाही आणि एकापाठोपाठ दोन लेकरांना दिलं की मोटर तापून बंद पडते. व्होल्टेज पडलं की हवेचा दाब पडतो, थेंब जाड होतात, म्हणून नुसता वेळ वाढवून भागत नाही. जुन्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर गुणगुणते आणि तापते. फिल्टर म्हणजे मागचा तो छोटा गोल तुकडा. जिनिंगजवळच्या घरात, चुलीच्या खोलीत तो लवकर करडा होतो. करडा झाला की बदला, धुऊन परत लावू नका. जादा फिल्टर, कप आणि मास्क तालुक्याला मिळतात का, हे आधी विचारा.

औषधात मिसळायचं तर 0.9 टक्क्यांचं सलाईनच, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. नेब्युलायझरमध्ये निलगिरीचं तेल किंवा बाम कधीच नाही. तेल फुप्फुसात उतरलं की वेगळाच न्यूमोनिया होतो. मास्क चेहऱ्याला टेकलेला हवा. सेंटिमीटरभर फट राहिली तरी जवळपास निम्मं औषध वाया जातं, म्हणून रडणाऱ्या लेकराच्या तोंडासमोर मास्क लांबून धरण्यात काही हाशील नाही. कप प्रत्येक वेळी धुऊन उघडा वाळवा. नळी धुवायची नाही, आत ओल दिसली तर कप काढून मशीन दोन-तीन मिनिटं नुसतं चालवा. मास्क आणि कप शेजाऱ्यांना उसने देऊ नका.

एवढं सगळं घेण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा, तोंडात औषध ओढायचा पंप (इनहेलर) आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, यांनी भागेल का? दम्याच्या बहुतेक रुग्णांत नीट वापरलेला स्पेसर नेब्युलायझरइतकाच काम करतो. लाईन लागत नाही, वावरात नेता येतो, किंमत काही शे रुपये. मेडिकलवाला हे आपणहून सांगेलच असं नाही.

आणि फवारणी करून आल्यावर दम लागला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर घरात कुठलंच मशीन लावू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाच्या डब्याचं लेबल घेऊन थेट मोठा दवाखाना गाठा.

खरेदीच्या दिवशी नेब्युलायझर दुकानातच तपासा. सलाईनची छोटी कुपी विकत घ्या, सिरिंजने मोजून 3 मिलिलिटर कपात घाला, मशीन लावा आणि घड्याळ बघा. कप मध्येच फुरफुरायला लागला तर बोटाने हलकेच टिचकी मारा. दहा-बारा मिनिटांत फवारा संपायला हवा. मग उरलेलं सिरिंजने परत ओढून मोजा. दीड मिलिलिटरपेक्षा जास्त उरलं, तर निम्मं औषध कपातच राहणार. तो कप बदलून मागा, आणि बिलावर मशीनचा नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका.