कोमट, कडू, उशीर: गिऱ्हाइकाचं म्हणणं आणि काउंटरमागचं काम

(दृश्य: सांगली-मिरज रस्ता, विश्रामबाग. सकाळ. कॅफेचं शटर अर्धं वर, आत मशीनचा दिवा लागलेला.)

गिऱ्हाईक यायला अजून वेळ आहे, पण मशीन केव्हाच सुरू झालं आहे. एस्प्रेसो मशीनचा, म्हणजे गरम पाणी दाबानं दळणातून सोडून कॉफी काढणाऱ्या यंत्राचा, बॉयलर लवकर तापतो. कॉफी जिथून उतरते तो जड पितळी भाग, म्हणजे ग्रुप हेड, आणि त्याला अडकवायचा दांड्याचा पोर्टाफिल्टर यांना आतपर्यंत तापायला अर्धा ते पाऊण तास लागतो. त्याआधी काढलेली कॉफी आंबट आणि पातळ उतरते. सकाळी पहिल्या पंधरा मिनिटांत आलेला माणूस नाक मुरडतो आणि संध्याकाळी आलेला वाहवा करतो, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या दरम्यान. १९४७ सालचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इथलंच, १९१९ चं विलिंग्डन महाविद्यालयही याच बाजूला. त्यामुळे सकाळी फिरून परतणारे निवृत्त लोक, दुपारी लॅपटॉप उघडून बसणारी मुलं-मुली आणि दिवेलागणीला घरची मंडळी, असे तीन वेगळे समाज दिवसभरात याच टेबलांवर बसून जातात. हे कॅफे कुठल्या साखळीतलं नाही. दळण किती बारीक, दूध कुठलं, दिवा कसला, खुर्ची किती उंच, हे सगळं इथंच ठरतं. म्हणूनच इथं गिऱ्हाइकाच्या शब्दाला किंमत आहे. सकाळी बोललेली गोष्ट दुपारी बदलता येते.

(दृश्य: काउंटरवरची अभिप्रायवही. पानं उलटणारा हात. अक्षरं जवळून.)

‘छान’, ‘मस्त’, ‘एक नंबर’. मनापासून लिहिलेलं आहे, पण कॉफी करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. ‘मजा नाही आली’ यातूनही कळत नाही. कामाचे शब्द वेगळेच आहेत. कोमट. कडू. आंबट. उशीर. गोंगाट. यातला प्रत्येक शब्द काउंटरमागच्या एकेका जागेवर नेऊन सोडतो.

(दृश्य: स्टीलच्या जगमध्ये फिरणारं दूध, वाफेची नळी, थर्मामीटर.)

आधी ‘कोमट’. सांगलीत हा शब्द सगळ्यांत जास्त ऐकू येणार, कारण आपली जीभ चहावर वाढलेली आहे. चहा उकळत्या भांड्यातून गाळून थेट कपात येतो. कापुचिनोचं दूध मात्र उकळायचंच नसतं.

फ्रिजमधलं ४ अंशांचं दूध जगमध्ये निम्म्याच्या आतबाहेर घेतात. वाफेच्या नळीचं टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून वाफ सोडली की कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. त्या वेळी दुधात हवा जाते. जग हाताला अंगाइतका गरम लागला, म्हणजे साधारण ३७ अंश, की हवा घेणं थांबवून टोक जरा खाली न्यायचं आणि दुधाला भोवरा द्यायचा. ६० ते ६५ अंशांवर वाफ बंद. इथं दुधाचा गोडवा जिभेला सगळ्यांत जास्त जाणवतो आणि फेस मलमली राहतो. ७० च्या पुढे दुधातली प्रथिनं बिघडायला लागतात, तापवलेल्या दुधाचा वास येतो, फेसाचे मोठे बुडबुडे होऊन वर वेगळे तरंगतात. नळी किंचाळल्यासारखी वाजत असेल तर हवा जातच नाहीये, नुसतं दूध तापतंय. आणि एकदा तापलेलं उरलेलं दूध पुन्हा फेसाळायला घेतलं तर ते पहिल्यासारखं फुलत नाही. ते टाकून देणं हीच इथली पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे.

फेसाबद्दलही मतं आहेत. लग्नाच्या मांडवात जी ‘एक्स्प्रेसो’ मिळते, ती म्हणजे इन्स्टंट पावडर घातलेल्या दुधात वाफ सोडून उठवलेला फेस आणि वर चॉकलेट पावडर. आपल्याकडे अनेकांची कॉफीची पहिली ओळख तिथलीच आहे. त्यामुळे ‘फेस कमी आहे’ म्हणणाऱ्या माणसाचं चुकत नाही, त्याला दुसरा पदार्थ हवा आहे. काउंटरवरची मुलगी त्याला ते सांगत बसत नाही. ती विचारते, “काका, दुधाची देऊ की बिनदुधाची? कडक हवी की सौम्य?” अमेरिकानो, फ्लॅट व्हाइट ही नावं फळ्यावर आहेत, ती न उच्चारताही हवं ते मिळतं. नव्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ न देणं ही सेवेतली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि ती या दोन प्रश्नांत होते.

दूध गाईचं वापरतात, साडेतीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचं. म्हशीच्या दुधात तो सहा-सात टक्क्यांपर्यंत असतो. चहाला ते सोन्यासारखं, पण इथं साय कॉफीची चव झाकते आणि कप जड होतो.

मग कोमटपणावर उपाय काय? पहिला, कप गरम असणं. थंड चिनी मातीचा कप आल्या आल्या काही अंश खाऊन टाकतो, म्हणून कप मशीनच्या वर ठेवतात, तिथली उष्णता फुकट मिळते. दुसरा, पंखा. पंख्याच्या बरोबर खालच्या टेबलावरून ही तक्रार जास्त येते. तिसरा, सांगणं. “जास्त गरम” असं आधी म्हटलं तर दूध ७० पर्यंत नेऊन देतात.

(दृश्य: ग्राइंडर. वजनकाट्यावर पोर्टाफिल्टर. टायमरचे आकडे. दोन धारांत उतरणारी कॉफी.)

‘कडू’ आणि ‘आंबट’ इथं ठरतात. १८ ग्रॅम दळण, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. पाणी ९० ते ९६ अंशांचं, दाब ९ बारचा. हे आकडे सुरुवातीचा अंदाज आहेत. शेवटचा निर्णय जिभेचा. कॉफी १५-१७ सेकंदांतच भरली तर पाणी नुसतं धावून गेलं: चव आंबट, पातळ, मिठाकडे झुकणारी. दळण बारीक करायचं. ४० सेकंदांवर रेंगाळली तर कडवट, जीभ कोरडी करणारी. दळण जाड करायचं. ग्राइंडरचं चक्र केसभरच फिरवायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिरवल्यावरचं पहिलं दळण टाकून द्यायचं, कारण नळीत जुन्या मापाचं दळण अडकलेलं असतं. घाईत नेमकं हेच राहून जातं, आणि मग करणारा म्हणतो, चक्र फिरवलं तरी फरक पडला नाही.

कधी एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. तेव्हा दळण एका बाजूला जास्त दाबलं गेलेलं असतं. पाण्याला जिथं वाट सापडते तिथून ते धावतं आणि बाकीचं दळण कोरडंच राहतं. म्हणून दाबण्याआधी दळण सुईनं मोकळं करून सारखं पसरतात आणि टॅम्पर, म्हणजे दळण दाबायचा ठोकळा, सरळ दाबतात. हात तिरका झाला की सगळं मोजमाप वाया.

सांगलीचा उन्हाळा कोरडा, जुलै दमट. सकाळी लावलेलं माप संध्याकाळी चालेलच असं नाही. दिवसातून दोन-तीनदा चव घेऊन बघणं भाग आहे. त्यात बियांचं वयही धरायचं. चिकमंगळूर-कोडगूकडच्या बिया भाजल्यानंतर लगेच वापरत नाहीत. त्यांतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला आठवडाभर देतात, आणि भाजल्यापासून महिनाभरात संपवतात. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर हे काहीच ठरवता येत नाही. नुसती ‘बेस्ट बिफोर’ तारीख इथं उपयोगाची नाही.

(दृश्य: सिंकखालचं पाण्याचं फिल्टर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर.)

कपात सगळ्यांत जास्त असतं ते पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये क्षारांचा थर बसतो आणि कॉफीची चव बोथट होते. याला घाबरून अनेक जण सरळ आरओचं पाणी लावतात. मग उलटं घडतं: क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात चव उतरत नाही, कॉफी पोकळ, आंबटसर लागते, आणि असं पाणी बॉयलरच्या धातूलाही त्रास देतं. इथं आरओच्या पाण्यात नळाचं गाळलेलं पाणी मिसळून टीडीएस १५० च्या आसपास ठेवतात. ‘घरी तीच पूड वापरतो, पण इथली चव येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी घरचं पाणी बघावं.

(दृश्य: रात्रीची साफसफाई. छिद्र नसलेली जाळी, पांढरी पावडर, तपकिरी पाणी.)

हे तपकिरी पाणी नीट बघा. ग्रुप हेडमध्ये दिवसभर साचलेलं कॉफीचं तेल आहे हे. रोज रात्री बिनछिद्राची जाळी लावून, धुण्याची पावडर घालून पाणी उलटं फिरवतात, मग साध्या पाण्यानं पुन्हा चार-पाचदा. एक रात्र चुकवली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक कपात खवट कडूपणा उतरतो, आणि त्याला दळणाचा कुठलाच बदल पुरत नाही.

(दृश्य: पितळी फिल्टर, डबरा-पेला, सकाळचे ज्येष्ठ गिऱ्हाईक.)

सकाळच्या मंडळींचा कौल मात्र फिल्टर कॉफीला. अर्क आधीच उतरवून ठेवलेला, दूध उकळतं, त्यामुळे ‘कोमट’ हा शब्दच येत नाही. चिकोरीनं, म्हणजे पुडीत मिसळलेल्या भाजलेल्या मुळांच्या भुकटीनं, दाटपणा आणि रंग येतो. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे, आणि कॉफी किमान ५१ टक्के असावीच लागते. घ्यायच्या आधी तेवढी ओळ वाचावी.

(दृश्य: संध्याकाळची गर्दी. काउंटरवर लावलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या.)

‘उशीर’. एका कापुचिनोला दळण, दाबणं, शॉट (एका कपाची कॉफी उतरवणं), दूध, ओतणं आणि नळी पुसणं धरून अडीच मिनिटं तरी जातात. सहा जणांचा घोळका आला आणि करणारा एकटा असेल तर शेवटच्या कपाला पंधरा मिनिटं. नळी पुसण्याचा वेळ वाचवता येत नाही. दूध तिच्यावर वाळलं की छिद्रं बुजतात आणि पुढच्या जगमध्ये शिळं दूध जातं. वाचतो तो दोघांनी काम वाटून घेतल्यावर: एक शॉट काढतो, दुसरा दूध करतो. आणि आधीच सांगितल्यावर. ‘ताई, पंधरा मिनिटं लागतील, चालेल ना?’ असं ऑर्डर घेतानाच विचारलं की तीच पंधरा मिनिटं तक्रारीत येत नाहीत.

(दृश्य: बैठक. काचेची दर्शनी बाजू, फरश्या, पुस्तकांची फळी, जाड पडदा.)

आता वातावरण. काच, गुळगुळीत फरशी आणि पीओपीचं सपाट छत, तिन्हीवरून आवाज परत येतो. ग्राइंडर चालू झाला की लोक मोठ्यानं बोलतात, ते ऐकून शेजारचं टेबल आणखी मोठ्यानं. संगीताचा आवाज कमी करून यात फार फरक पडत नाही. जाड सुती पडदा, भिंतीला पुस्तकांची उघडी फळी, खुर्च्यांच्या पायांना नमदा, चोथा आपटायच्या डब्यात रबराची पट्टी, याने पडतो. एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान स्पीकर हळू आवाजात लावले की कोपऱ्यातल्यालाही बोलता येतं.

दर्शनी काच पश्चिमेकडे. चारनंतर ऊन थेट डोळ्यात येतं, म्हणून बांबूचे पडदे आहेत. दिवे पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे. पांढऱ्याफेक ट्यूबखाली लोक कप संपवून उठतात. सोफ्याबद्दल मतं दोन टोकांची आहेत: गप्पांना सुख, लॅपटॉपला पाठदुखी. काम करणाऱ्यांसाठी ७५ सेंटिमीटरचं टेबल आणि ४५ ची खुर्ची लागते, जवळ प्लगसह. इथं ती भिंतीकडे लावली आहेत, म्हणजे तीन तास बसलेल्या विद्यार्थ्याला दारातून येणाऱ्या प्रत्येकाची नजर झेलावी लागत नाही.

(दृश्य: खिडकीजवळचं टेबल, एकटी बसून वाचणारी तरुणी.)

एकट्या येणाऱ्या मुली वातावरणाबद्दल बोलतात तेव्हा दिव्यांबद्दल बोलत नाहीत. पाणी ठेवून वेटर निघून गेला, दर दहा मिनिटांनी ‘अजून काही?’ म्हणायला आला नाही, हे त्या सांगतात. टेबल रस्त्यावरून दिसतं आणि काउंटरवरूनही दिसतं. अशी जागा निवडायला पैसा लागत नाही.

(दृश्य: बिल. जवळून.)

बिलात ५ टक्के जीएसटी. सेवाशुल्काची ओळ नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं आहे की हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये. ते देणं न देणं ग्राहकाच्या मर्जीवर. भाडं, बिया आणि दूध महागलं की कपही महागतो, आणि काही विद्यार्थी येणं कमी करतात.

(दृश्य: गिऱ्हाईक कप घेऊन काउंटरपाशी. बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, चमच्यानं चव घेतो. ग्राइंडरचं चक्र फिरतं.)

कप आवडला नाही तर पहिल्या दोन घोटांतच काउंटरवर न्यावा. अर्धा संपल्यावर तो थंड झालेला असतो, आणि थंड कॉफीत आंबटपणा तसाही वर येतो. करणाऱ्याला मूळ दोष ओळखता येत नाही. कुठला पदार्थ, काय लागलं, आंबट की कडू, साखर घातली होती का, एवढं सांगावं. १८ ग्रॅम बिया आणि पेलाभर दूध जातं, पण नवा कप तीन मिनिटांत मिळतो, आणि त्याच मापानं निघणारे मागच्या टेबलांचे कपही तिथंच थांबवून सुधारता येतात.