बोट कुठं पोचली?

ही आमची द्राक्षांची बाग. निफाड तालुका, गोदाकाठची काळी जमीन, वाण थॉमसन.

२०२३ च्या ऑक्टोबरात, पहिल्याच आठवड्यात इथं गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू होती. ७ तारखेला संध्याकाळी अण्णा हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसले. हमासनं इस्रायलमध्ये शिरून सुमारे १,२०० माणसं मारली होती, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली होती. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले. आई म्हणाली, "लेकरं आहेत रे तिथं." दुसऱ्या दिवशी डोळे फुटायला काड्यांना पेस्ट लावायची होती, मजूर सांगून ठेवले होते. आम्ही जेवून झोपलो.

बाग फुलोऱ्यात होती तेव्हा, १९ नोव्हेंबरला, येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलॅक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. गाझासाठी लढतोय, असं त्यांचं म्हणणं. त्या समुद्राच्या तोंडाशी जी अरुंद सामुद्रधुनी आहे, तिचं नाव बाब-अल-मंदेब. अश्रूंचं दार. न्हावाशेवा बंदरातून युरोपात रॉटरडॅमला जाणारी आमची द्राक्षं याच दारातून जायची, पुढं सुएझ कालवा.

आता हा घड बघा. मणी नाही, देठ बघा. हिरवा देठ म्हणजे ताजा माल. तपकिरी पडला की युरोपातला ग्राहक पेटीला हात लावत नाही. कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास थंडी असते, पेटीत सल्फरचा पॅड असतो, तरी देठ दिवस मोजत असतो. त्या हंगामात बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. दहा-पंधरा दिवस जास्त.

जी जहाजं तांबड्या समुद्रातून जायची, त्यांना युद्धाचा विमा वेगळा. २०२४ च्या सुरुवातीला तो जहाजाच्या किमतीच्या १ टक्क्यापर्यंत गेला होता. १० कोटी डॉलरचं जहाज असेल, तर एका फेरीला १० लाख डॉलर. आणि वळसा घातला तर इंधन जास्त, कंटेनर अडकून पडलेले, भाडं दुपटीच्या वर. लंडनमधल्या विमेवाल्यानं जोखमीचा आकडा बदलला की तो दलाल, जहाज कंपनी, निर्यातदार असा उतरत उतरत शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदावर येतो. पट्टीवर येमेन लिहिलेलं नसतं. 'वाढीव भाडं' लिहिलेलं असतं, आणि त्याखाली 'कपात'. शेतकऱ्याच्या खाली कुणी माणूस नाही. अण्णांना ती रक्कम पुढं कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

तेव्हा रोज रात्री मी मोबाईलवर जहाजाचा नकाशा उघडायचे. अण्णा विचारायचे, "बोट कुठं पोचली गं?"

६ मार्चला एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. तिघे खलाशी गेले. दोन फिलिपिनो, एक व्हिएतनामी. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'नं वाचवलं. माझगाव गोदीत बांधलेली ती युद्धनौका. बातमी ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला, आपला माल दुसऱ्या जहाजात आहे ना. खलाशांचा विचार नंतर आला. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण घडलं ते असं.

आमचं नुकसान झालं, त्याचा राग आहे. सोसायटीचं कर्ज त्या वर्षी नवं-जुनं करावं लागलं. पण गाझातल्या आईच्या दुःखाच्या पंगतीत मी ही पट्टी मांडू शकत नाही. तिचं घर गेलं. आमचे पैसे गेले. दोन्ही एकाच युद्धानं नेलं, एवढंच आमच्यातलं नातं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

छाटणीची तारीख धरताना अण्णा पूर्वी पंचांग बघायचे, मग पावसाचा अंदाज. आता कात्रीला धार लावता लावता तिसरं विचारतात, "जहाजं सुएझवरनं जायला लागली का गं?"