भांडं हलवायचं नाही

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात. माझी भाची फिनिक्सला असते, मी आणि ताई तिच्याकडे गेलो होतो तेव्हा ती आम्हाला जवळच स्कॉट्सडेलला घेऊन गेली, टॅलिएसिन वेस्ट बघायला. फ्रँक लॉइड राइट या मोठ्या आर्किटेक्टचं हिवाळ्यातलं घर आणि स्टुडिओ. 2019 पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे.

सत्तरीचा माणूस, विस्कॉन्सिनच्या थंडीला वैतागलेला, 1937 मध्ये इथे येतो आणि शिष्यांना हाताशी धरून बांधायला लागतो. शिष्य राहायचे तंबूत! आणि घर कसलं, तर दगड तिथलेच, वाळू तिथलीच. फळ्यांचं शटरिंग करायचं, दगडाची सपाट बाजू फळीला टेकवायची, मागून काँक्रीट ओतायचं. शटरिंग तुम्हाला समजवायला नको, आपल्या शेजारी कुणाचा ना कुणाचा स्लॅब चालूच असतो. छताला चक्क कॅनव्हास, उजेड गाळून आत यायचा. परत सांगते, दगड तिथलेच, वाळू तिथलीच. नाहीतर आपण, भर उन्हात काचेचे टॉवर उभे करतो आणि मग एसीच्या बिलावर रडतो, असो, माझा बीपी वाढतो.

तर खरी गंमत पुढेच आहे. सुरुवातीला तिथे खिडक्यांना काच नव्हतीच. ती नंतर बसवायला घेतली, तर आड आलं एक सिरॅमिकचं भांडं, राइटने हौसेनं कट्ट्यावर मांडलेलं. काच त्याच्या मधोमध येत होती. आपण काय केलं असतं? भांडं वीतभर सरकवलं असतं. राइट म्हणे भांडं हलवायचं नाही, काच कापा! आणि कापली हो. भांड्याच्या पोटाएवढा गोल कापून काच बसवली, भांडं अर्धं आत, अर्धं बाहेर. गाइड हे रंगवून सांगत होती आणि ताई एकदम मोठ्यानं मराठीत म्हणाली, "याच्या बायकोनं कसं काढलं असेल गं याच्यासोबत?" भाची लाजून लाल, गाइड विचारतेय काय झालं, आणि मी हसू दाबत त्या भांड्याकडे बघत बसले. खरं सांगू, मला ते पटलं होतं. आधी वस्तू, मग काच.

घरी आल्यावर महिन्याभरात बाल्कनीला स्लायडिंग बसवायला माणूस आला. ट्रॅकच्या बरोबर मध्ये माझी तुळशीची कुंडी. मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, कुंडी हलणार नाही, काच कापा. त्यानं माझ्याकडे बघितलं, टेप गुंडाळली आणि म्हणाला, "काकू, चहा टाका, तोवर मी कुंडी सरकवतो."